प्रभारी, वारा कक्ष

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवायला नाही, फक्त स्वतःसाठी. तरी अक्षर नीट काढतोय. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर बिचाऱ्याचे डोळे फुटायला नकोत.

बदलीचा आदेश आला. राख विभागातून सुटका! अर्धं आयुष्य औष्णिक केंद्रात कोळशाची राख उपसण्यात गेलं. आता मुख्यालयात. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय वीज कंपनीच्या वारा कक्षाचा प्रमुख! म्हणजे प्रभारी प्रमुख. मोठे साहेब म्हणाले, एप्रिलअखेर काम बघू, पटलं तर कायम करू, नाहीतर राख कुठे पळून जात नाही. मी हसलो. ते हसले नाहीत.

राख विभागातल्या लोकांनी निरोप देताना माझा हात दोन्ही हातांत घेतला. कुणी गेल्यावर घेतात तसा. जळतात लेकाचे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
कक्ष पाहिला. आधी इथे स्टेशनरीचं गोदाम होतं. खिडकी आहे, पण रंगकाम करताना चिकटली ती कायमची. छताला पंखा आहे, पण त्याचं बटण भिंतीपलीकडे लेखा विभागात. त्यांना थंडी वाजते. म्हणजे वारा कक्षात वारा तेवढा नाही. असो. दिव्याखाली अंधार असायचाच.

दारावर पाटी लागली. 'प्रभारी' ठळक, माझं नाव त्याखाली मुंगीएवढं. 'प्रभारी' झाकला जाईल असं कॅलेंडर टांगलं. त्यात माझं नावही झाकलं गेलं. राहू दे. काम बोलेल.

ही विचारत होती की पगार वाढला का. बायकांना पदाचं महत्त्व कळत नाही. सासरे आमच्याकडेच असतात. बॉयलर चालवून निवृत्त झालेले, कोळशाशिवाय कशालाच वीज म्हणत नाहीत. म्हणाले, जावईबापू पंख्याच्या दुकानात लागले म्हणायचे. मी सोडून दिलं. वडीलधारं माणूस आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी
कक्षात माझ्याशिवाय एकच व्यक्ती. तरुण इंजिनिअर आहे, लॅपटॉपमधून मान वर काढत नाही. मी तिला (मनात) अंदाजबाई म्हणतो. टेकडीवर कंपनीची पवनचक्क्यांची रांग आहे. उद्या त्या किती वीज देणार, हे आज सकाळी दहाच्या आत नियंत्रण कक्षाला कळवायचं, म्हणजे उरलेली वीज कुठून आणायची ते त्यांना ठरवता येतं. अंदाज चुकला की तिकडून फोन येतो आणि फोनवर कुणी नमस्कारसुद्धा करत नाही. हे सगळं अंदाजबाई करते. सॉफ्टवेअर, उपग्रह, आलेख, काय काय.

मी तिला विचारलं की यात अनुभवाचा रकाना कुठे आहे. ती म्हणाली, सर, नाही. तिथेच दुखणं मला सापडलं.

संकल्प: कक्षात अनुभव आणायचा.

रविवार, १६ फेब्रुवारी, दुपारी ३
शोध लागला! 

गॅलरीत वाळत घातलेले कपडे बघत होतो. रुमाल हलत होता, टॉवेल हलत नव्हता. मग टॉवेलही हलायला लागला. आणि एकदम चादर उठली! डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रुमाल हलला तर चाकं जेमतेम. टॉवेल हलला तर पाव क्षमता. चादर उठली तर निम्मी. जीन्स हलली तर पूर्ण क्षमता, आणि टेकडीखालच्या लोकांनी पत्रे सांभाळावेत.

उपग्रहाला एवढा खर्च! आणि इथे चार चिमटे पुरले.

हिला सांगितलं. ती म्हणाली, हलतंय तोवर हलू दे, पण वाळलं की घडी घाला. घातली नाही. वैज्ञानिक साधनाला हात लावायचा नसतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
अंदाजबाईचा आकडा खोडून माझा कळवला. चादर. तिने विचारलं, सर, कशाच्या आधारावर? मी म्हणालो, वस्त्रोद्योगाच्या. ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. आदर असावा.

गुरुवार, २० फेब्रुवारी
माझा आकडा बरोबर!! तिचा चुकला!! खिडकी उघडत असती तर ओरडून सगळ्यांना सांगितलं असतं. कँटीनमध्ये सांगितलं. लेखा विभागात सांगितलं. तिथे पंखा लावायचीही विनंती केली. पंखा लावला नाही.

अंदाजबाई म्हणाली, सर, एखादवेळी लागतो. पराभव पचवायला मोठं मन लागतं. वय लहान आहे, येईल.

सोमवार, ३ मार्च
पुन्हा बरोबर. (मधे चार-पाच वेळा चुकला, पण तेव्हा कपडे नीट पिळलेले नव्हते. तो दोष घरचा.)

अडचण एकच: दुपारी मी ऑफिसात, कपडे घरी. म्हणून सासऱ्यांना निरीक्षक नेमलं. त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि दर तासाला फोन करायचा. मानधन म्हणून दर फोनला एक कप चहा मागितला. चहा हिने करायचा. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इथे लिहीत नाही.

शुक्रवार, ७ मार्च
निरीक्षणात कमालीचा नियमितपणा आढळतोय. रोज दुपारी दोन ते पाच चादर उठते म्हणजे उठतेच. आणि सासरे सांगतात की ती खालून वर उठते. म्हणजे वारा जमिनीतून वर येतो! असं कुठल्याच पुस्तकात नाही. पुस्तकं जुनी आहेत.

सोमवार, १० मार्च
मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते आमच्याच कॉलनीत, आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तरी मला ऑफिसात बोलावतात. शिस्त म्हणजे शिस्त. कंपनीच्या अध्यक्षांना टेकडीवर यायचं आहे, फिरतं चाक डोळ्यांनी बघायचं आहे. पत्रकार येणार. कार्यक्रम झकास झाला तर माझा कायम नेमणुकीचा आदेश. फसला तर काय, ते साहेबांनी सांगितलं नाही. खोकून दाखवलं. राख विभागातला खोकला मी कुठेही ओळखतो.

तारीख मी सुचवायची. मी तिथल्या तिथे सांगितली: गुरुवार, २७ मार्च, दुपारी ३. चादरीची वेळ.

अंदाजबाईला सांगितलं. ती उभीच राहिली. मार्चअखेर टेकडीवर पान हलत नाही म्हणाली. दहा वर्षांचे आलेख दाखवायला लागली. मी म्हणालो, मागचं बघून गाडी चालवत नाहीत. हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून लिहून ठेवलं.

शनिवार, १५ मार्च
टेकडीखाली मोठा इलेक्ट्रॉनिक फलक बसवतोय. लाल आकडे, लांबून दिसणारे. मधल्या चाकातून किती किलोवॅट वीज वाहतेय ते क्षणाक्षणाला दाखवणारा. ही कल्पना माझी. फलकवाल्याने फोनवर विचारलं की आकड्याआधी उण्याच्या चिन्हाला जागा ठेवायची का. मी त्याला झापलं. पवनचक्की वीज देते, घेते का? असल्या नकारात्मक विचारांनीच देश मागे राहिला. चिन्ह काढायला लावलं. फलक थोडा स्वस्तही पडला.

सोमवार, १७ मार्च
निरीक्षण दुप्पट केलं. घरातली प्रत्येक चादर रोज धुतली जाते. सासरे गेले तीन दिवस बिनचादरीच्या गादीवर झोपतात. म्हणाले, बॉयलरजवळ याहून बरी झोप लागायची. हिने बजावलं की यापुढे धुणं मी धुवायचं. धुतलं. कमरेत उसण भरली. ध्येयासाठी माणसं काय काय सोसतात.

शनिवार, २२ मार्च
चादर हलली नाही.

रविवार, २३ मार्च
चादर नाही. टॉवेल नाही. रुमालही नाही. नवी दोरी बांधली. नवे चिमटे आणले. चादर बदलून पातळ घेतली. ढिम्म.

सोमवार, २४ मार्च, सायंकाळी
आज ऑफिसातून आठ वेळा फोन केला. सासरे आठही वेळा म्हणाले, नाही हो. नवव्यांदा मी जरा आवाज चढवला, म्हणालो, अहो नीट बघा, तुमच्या जावयाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, जावईबापू, चादर कशी हलेल? खालचे साहेब सहकुटुंब लेकीकडे गेलेत आठवड्यासाठी. एसी बंद आहे.

मी विचारलं, एसीचा काय संबंध?

तर म्हणाले, त्यांच्या एसीचा तो बाहेरचा डबा आपल्या गॅलरीच्या बरोबर खाली बसवलाय. गरम हवा वर फेकतो. बाईसाहेब दोन वाजता जेवून झोपतात, पाच वाजता उठतात. तेवढा वेळ चादर नाचते.

मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक? म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाही? म्हणाले, तुम्ही विचारलंत चादर हलते का. का हलते, ते कुठे विचारलंत? आणि चहा बरा मिळत होता.

फोन ठेवला.  भिंतीपलीकडून पंख्याचा आवाज येत होता. लेखा विभागात लावला होता.

मंगळवार, २५ मार्च
संकल्प: खचायचं नाही. शोध बरोबरच होता, वारा चुकीचा होता.

तारीख पुढे ढकलावी म्हणून साहेबांना फोन केला. साहेब लेकीच्या घरून बोलले, अध्यक्षांचा कार्यक्रम हलत नसतो. मनात म्हटलं, चादरीसारखाच.

अंदाजबाईला विचारलं, २७ ला दुपारी टेकडीवर किती वारा? ती म्हणाली, सर, शून्य. मी म्हणालो, काहीतरी तर असेल. तिने पुन्हा बघितलं आणि सांगितलं, शून्य पूर्णांक दोन. पोरगी मनाने चांगली आहे.

बुधवार, २६ मार्च
तोडगा निघाला! आणि तोही माझ्याच डोक्यातून. पवनचक्कीला बाहेरून वीज दिली तर ती मोटरसारखी फिरते. देखभालीच्या वेळी असं हळूहळू फिरवून बघतात. मग उद्या फिरवून बघायला काय हरकत आहे? अध्यक्षांना फिरतं चाक बघायचंय. वारा बघायचाय असं आमंत्रणपत्रिकेत कुठेही लिहिलेलं नाही.

अंदाजबाई म्हणाली, सर, म्हणजे औष्णिक केंद्रातली वीज आणून आपण पंखा फिरवणार. मी म्हणालो, याला तात्पुरती गुंतवणूक म्हणतात. ती म्हणाली, कुणी थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मी म्हणालो, तुला कोण विचारतंय!

गुरुवार, २७ मार्च, दुपारी २.३०
टेकडीवर आहे. झाडाचं पानही हलत नाही. मंडपाची झालर मेल्यासारखी लोंबतेय. फक्त मधलं चाक सुरू केलं. फिरतंय! काय देखणं दिसतं! बाकीची रांग हाताची घडी घालून उभी. विचारलं तर दुरुस्ती चालू आहे असं सांगायचं.

आत्ता लक्षात आलं. फलक! चाक वीज खातंय आणि फलक तोच आकडा दाखवतोय. ८०. लाल, ठळक, आणि उण्याचं चिन्हच नाही. वरवर बघणाऱ्याला वाटेल की चाक ऐंशी किलोवॅट देतंय.

फलक बंद करावा का? बटण अंदाजबाईजवळ आहे. ती माझ्याकडेच बघतेय.

अध्यक्षांची गाडी आली.

त्याच दिवशी, रात्री ८
सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

अध्यक्ष उतरले. खिशातून रुमाल काढून हवेत धरला. (तेही रुमालवालेच! मन भरून आलं.) रुमाल सरळ खाली लोंबला. मग फिरतं चाक पाहिलं, मग फलक पाहिला. पुन्हा रुमाल. विचारलं, वारा तर नाही? मी म्हणालो, नाही साहेब. तरी ऐंशी? मी म्हणालो, आकडा समोरच आहे साहेब. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

अध्यक्षांनी मला मिठी मारली. म्हणाले, वारा असताना कोणीही वीज काढेल, वारा नसताना काढतो तो खरा इंजिनिअर. पत्रकारांनी लिहून घेतलं. मग विचारलं, असं रोज जमेल? सगळ्या चाकांवर?

अंदाजबाई पुढे झाली. तिने तोंड उघडलं. माझ्या हातात अध्यक्षांसाठी आणलेला पुष्पगुच्छ होता. मोठा होता. मी तो तिच्या हातात असा दिला की तिचं तोंड फुलांमागे गेलं. आणि मी म्हणालो, का नाही?

दोनच शब्द. 'का नाही.' तोंडातून सुटले.

मंडपात लेखा विभागासकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आज सकाळीच लेकीकडून परत आले होते, तेही वाजवत होते. मी सुखात न्हाऊन निघालो.  

शुक्रवार, ४ एप्रिल
कायम!!!

आदेश हातात आहे. जाड कागद, अध्यक्षांची सही. प्रमुख, वारा कक्ष. प्रभारी हा शब्द नाही. तीनदा वाचला, खरंच नाही. पाटीवरचं कॅलेंडर काढलं. घरी आल्यावर हिला वाचून दाखवला. हिचे डोळे भरून आले, म्हणाली, खरंच सुटलात हो त्या राखेतून, रात्ररात्र खोकायचात. मला एकदम भरून आलं. हिला सगळं सांगून टाकावं असं वाटलं. मग वाटलं, उद्या सांगू.

आदेशाला प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं. भिंतीवर लावायचा आहे.

सोमवार, ७ एप्रिल
नियंत्रण कक्षाचं पत्र आलं. अध्यक्षांच्या निर्देशानुसार टेकडीवरच्या प्रत्येक चाकाकडून वारा नसतानाही ऐंशी किलोवॅट 'हमखास' धरले आहेत. येत्या शुक्रवारपासून. तेवढी औष्णिक वीज कमी केली आहे.

अंदाजबाई म्हणाली, सर, आजही वेळ गेलेली नाही, जाऊन सांगा. मी म्हणालो, तुला वाऱ्याचं कळतं, माणसांचं कळत नाही. शुक्रवारी वारा सुटेल. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी डोळे मिटून घेतले. वातीच्या टोकाएवढा प्रकाशही दिसला नाही.

बुधवार, ९ एप्रिल
अध्यक्षांची बैठक. म्हणाले की कुणावर जबाबदारीच नसते, म्हणून कंपनी सुस्तावली. नवा नियम: ज्या विभागाची वीज कमी पडेल, त्या विभागाचा प्रमुख जिथे राहतो तिथलीच वीज आधी बंद करायची.  पहिली टाळी मीच वाजवली. सवय लागली आहे. टाळी वाजल्यावर नियम नीट कळला.

साहेब जिन्यात भेटले. म्हणाले, आपण एकाच इमारतीत राहतो हे लक्षात आहे ना? उकाडा सहन होत नाही म्हणाले, त्यांना आणि बाईसाहेबांना. मी म्हणालो, साहेब, निश्चिंत राहा. आयुष्यात इतक्या मनापासून इतकं खोटं कधी बोललो नव्हतो.

शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी ४
टेकडीवर वारा नाही. रुमालाएवढाही नाही. अध्यक्ष कॅमेऱ्यातून चाकं बघणार असा निरोप आला, म्हणून काय करावं सुचेना आणि सगळीच चाकं मोटरसारखी फिरवली. आता ती वीज देत तर नाहीतच, उलट खातायत. म्हणजे तूट दुप्पट. हे गणित अंदाजबाईने मला अगदी हळू आवाजात समजावून सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिला म्हणालो, मला भीती वाटतेय. कुणाला असं पहिल्यांदाच बोललो. ती म्हणाली, सर, घरी जा.

त्याच दिवशी, सायंकाळी ७
अख्खी कॉलनी बंद. गॅलरीत बसून लिहितोय. खाली अंगणात सगळे जमलेत, वर आमच्याकडे बघतायत.  कंपनीची माणसं आहेत, कोणाचा विभाग कमी पडला हे त्यांना सांगावं लागत नाही.

हिला सगळं सांगितलं. चादर, चाक, फलक, पुष्पगुच्छ.  हिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि शेजारी बसली. मग म्हणाली, आता खोकला आला तर मी उठून काढा करणार नाही, सांगून ठेवते. आवाजावरून कळलं, करेल.

सासरे घामाने निथळले होते. काहीतरी जाड द्या म्हणाले, हवा घ्यायला. हिने भिंतीजवळ टेकवून ठेवलेला माझा आदेश दिला. सासऱ्यांनी दोनदा हलवून बघितला आणि म्हणाले, जावईबापू, वारा फर्स्ट क्लास येतो हो.

तेवढ्यात साहेब वर आले. बनियनवर. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता बोलणार. ते सासऱ्यांशेजारी खुर्चीवर बसले, आदेश मागून घेतला आणि डोळे मिटून वारा घेत राहिले.  मग उठले आणि वारा घेत घेतच जिना उतरून गेले.

आदेश परत दिला नाही. मीही मागितला नाही.